पायरीवरचा माणूस

चित्रातला गुडघे टेकलेला माणूस म्हणजे मुळात एक ठिगळ आहे, हे त्याला चहाचा दुसरा घोट घेताना कळलं. सांगणारी बाई संग्रहालयाच्या तळघरातल्या दुरुस्तीशाळेची प्रमुख होती. ती आजारी चित्रांवर उपचार करायची म्हणून सगळे तिला डॉक्टर म्हणायचे, आणि खऱ्या डॉक्टरांसारखीच ती वाईट बातमी उभ्या उभ्या देऊन मोकळी व्हायची.

"सर, तुमचा माणूस खोटा निघाला," ती दारातूनच म्हणाली.

"कोणता माणूस?"

"तुमच्याकडे आहेत किती? पायरीवरचा. एक्स-रे काढला. खाली कुणी नाहीच. नुसत्या पायऱ्या. कापड कधीतरी फाटलं होतं, चांगलं हातभर. कुणीतरी मागून पट्टी चिकटवली आणि पुढून माणूस बसवला. मूळ चित्रकार जाऊनही बरीच वर्षं झाली असतील तेव्हा. याच्या सदऱ्यातला पांढरा रंग त्या काळी बाजारात मिळतच नव्हता."

"म्हणजे पाठीचा तो बाक..."

"फाट तशी गेलीय. फाट वळली तिथं पाठ वळली."

त्याने कप बशीत ठेवला. बाकाबद्दल त्याने आपल्या पुस्तकात 'नम्रतेची कमान' असा शब्दप्रयोग केला होता. तो लिहून विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी परीक्षेत गुण मिळवले होते, आणि त्यातले काही आता स्वतः प्राध्यापक होऊन इतरांना तो लिहायला लावत होते. हे सगळं एका फाटलेल्या कापडाबद्दल चाललं होतं. डॉक्टरने त्याला सावरायला अंमळ वेळ दिला, मग मुद्द्यावर आली. तिला तो माणूस पुसून काढायचा होता. खाली मूळ पायऱ्या बऱ्याच शाबूत होत्या. फाटीपुरती जागा भरली की चित्र चित्रकाराने सोडलं तसं दिसलं असतं. साहेबांना, म्हणजे संचालकांना, तिने विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, भावार्थ हो म्हणाला तर काढा. "तेव्हा आज काय ते सांगा. उद्या सकाळी बोळा फिरवायला घेते. आणि एक लक्षात ठेवा, एकदा कापूस फिरला की तो परत यायचा नाही. मग तुम्ही हळहळलात, मी हळहळले, काही उपयोग नाही."

भावार्थ हे त्याचं नाव नव्हतं. पण संग्रहालयातल्या प्रत्येक चित्राखालची पाटी तो लिहायचा आणि प्रत्येक पाटीत चित्राचा अर्थ सांगायचा, म्हणून शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी त्याचं हे बारसं केलं होतं. त्यात थट्टा किती आणि आदर किती, याचा त्याने कधी हिशेब मांडला नव्हता. आदर हा त्याचा विषय होता. तो स्वतःला मिळतोय का, हे तपासण्याची त्याला गरज वाटत नसे. जुन्या अभिजात शैलीतल्या चित्रांत माणसं आदर कसा दाखवतात, यावर त्याने सारी हयात घातली होती. छातीवर तळवा ठेवलेली माणसं, मान झुकवलेली माणसं, मोठ्यांच्या वस्तू उघड्या हातांनी न घेता अंगावरच्या वस्त्राने झाकलेल्या हातांनी घेणारी माणसं, एक गुडघा टेकलेली, दोन टेकलेली, झग्याच्या काठाला ओठ लावणारी. एक गुडघा राजापुढे, दोन देवापुढे. उजवा तळवा निष्ठेचा, दोन्ही तळवे शरणागतीचे. या बाबतीत तो इतका पक्का होता, की लग्नसमारंभांतले फोटो बघतानाही त्याला कोण कुणाला किती मानतो ते कळायचं आणि बायको त्याच्या हातून अल्बम काढून घ्यायची. आपल्या भाषेचा मात्र त्याला जुना राग होता. ही भाषा वाकणाऱ्याच्या बाजूने कधी उभीच राहिली नाही. नाक घासणं, पाय चाटणं, लोटांगण घालणं, गुडघे टेकणं. माणूस जरा खाली गेला की भाषा त्याची अब्रू काढायला तयार. उलट मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्याचं कोण कौतुक. आपलं पुस्तक हे या अन्यायाविरुद्धचं एक निवेदन आहे, असं तो प्रस्तावनेत म्हणाला होता. स्वतः तो कधी कुणापुढे वाकला नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्याला मानेचा त्रास होता.

आणि या सगळ्या माणसांचा मुकुटमणी म्हणजे तो पायरीवरचा. भिंतभर चित्र. मागे खांब, खांबांमागे संध्याकाळचं आभाळ, वर उंच दगडी आसनावर बसलेली एक स्त्री. ती राणी आहे की देवी, यावर मतभेद होते. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या बायका, आणि पुढच्या पायऱ्यांवर, बघणाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही गुडघ्यांवर बसलेला तो. साधा पांढरा सदरा. डावा हात छातीशी असावा, कारण कोपर दिसत होतं. उजवा हात पुढे, तिच्या झग्याच्या काठाकडे गेलेला, पण काठाला लागलेला नाही. बोटभर अंतर सोडून थांबलेला. त्या बोटभर अंतरावर त्याने पुस्तकात चार पानं लिहिली होती. स्पर्श करता येत असताना न करणं, हातातोंडाशी आलेलं थांबवून धरणं, आदराचं मर्म तिथंच आहे, असं त्या पानांचं सार. ती पानं लिहिताना त्याला ताप आला होता. आता बसल्या जागी त्याच्या मनात आलं, की ठिगळ लावणाऱ्याचा रंग संपला असेल. किंवा जेवायची वेळ झाली असेल.

तो दालनात गेला. चित्र तळघरात नेल्यापासून तिथं भिंतीवर एक मोठा गडद आयत उरला होता. आजूबाजूची भिंत उन्हाने विटली होती आणि चित्रामागची तेवढी ताजी होती. बघणारे लोक येत, त्या आयतासमोर थांबत आणि खालची पाटी वाचत. पाटी काढायची राहून गेली होती. एक बाई पाटी वाचून आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती नम्र," आणि नवऱ्याने रिकाम्या भिंतीकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या एखाद्या दिवशी भावार्थला याचं हसू आलं असतं. आज तो ती पाटी स्वतः पुन्हा वाचायला लागला. भिंत रिकामी असली काय आणि माणूस ठिगळ असला काय, पाटी दोघांनाही सारखीच लागू पडत होती. मग इतकी वर्षं तो लिहीत होता ते कशाबद्दल होतं? त्याला वाटलं, आपण जन्मभर एका बंद दाराबाहेर उभं राहून आत कोण आहे त्याचं वर्णन करत होतो, आणि आज कुणीतरी दार ढकललं तर मागे भिंतच.

सोपं होतं खरं तर. हो म्हणायचं. डॉक्टरने माणूस पुसायचा, आपण त्यावर नवा निबंध लिहायचा: 'अनुपस्थित भक्त'. जुनं पुस्तक चुकलं तर चुकलं, नवं चुकायला मोकळं. विद्वानांच्या जगात माणूस असा चुकांवरून उड्या मारत पुढे जातो आणि शेवटी त्याचा सत्कार होतो. पण हो म्हणायला तोंड उघडलं की त्याला त्या माणसाच्या टाचा दिसत. गुडघ्यांवर बसलेल्याचे तळवे मागे उघडे पडतात. ज्याच्यापुढे तो बसला आहे त्याला ते कधीच दिसत नाहीत, दिसतात ते मागच्यांना. त्या टाचा भेगाळलेल्या होत्या. फाट झाकायला टाचांना भेगा कशाला लागतात? चित्रातल्या बाकी सगळ्यांचे पाय संगमरवरी, नुसते शोभेला जोडलेले. कुणीतरी या एकट्याला चालून आलेला दाखवला होता. उद्या त्यावर कापूस फिरणार. हे मनात आलं की तो उघडलेलं तोंड मिटून घेई.

टाचांवरून वडील आठवणं अपरिहार्य होतं, आणि तो ते पुष्कळ वर्षं टाळत आला होता. वडील शिंपी होते. नवे कपडे शिवणारे नव्हेत. लोकांचे आणलेले कपडे कमीजास्त करून देणारे. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट होती ती. तिला वडिलांनी दार लावलं होतं. आत एक मशीन, दोऱ्यांच्या रिळांची फळी, आणि जमिनीवर गिऱ्हाइकाने उभं राहायचा लाकडी ठोकळा. गिऱ्हाईक ठोकळ्यावर चढायचं आणि वडील खाली गुडघ्यांवर, भेगाळलेल्या टाचा दाराकडे. तोंडात टाचण्या, कानावर खडू. बसून काम करणाऱ्यांची पँट मागे चकाकते. वडिलांची गुडघ्यांवर चकाकायची. एकेक टाचणी ओठांतून काढून ते दुमडीत खोचायचे, तोंड बंद असल्यामुळे कुणाच्याही बोलण्याला मानेनेच हो म्हणायचे, आणि गिऱ्हाइकं बाहेर पडून म्हणायची, काय नम्र माणूस आहे. तोंडात टाचण्या असल्या की कुणीही नम्र होतो. घरी आल्यावर टाचण्या नसत, तेव्हा वडील कुणाचंही ऐकत नसत. आईशी, शेजाऱ्यांशी, रेडिओशी वाद घालत. "दिवसभर गुडघ्यांवर असता, संध्याकाळी तरी जरा कमी उभे राहा," आई म्हणायची. "मी गुडघ्यांवर असतो ते कापड बघायला," वडील म्हणायचे, "माणूस बघायला नाही." मुलाने हे ऐकलं होतं, पण शिकून मोठा झाल्यावर त्याने आदराचं जे शास्त्र रचलं, त्यात वडिलांना जागा दिली नाही. कामासाठी टेकलेला गुडघा आदरात धरायचा नाही, असा त्याने पहिल्याच प्रकरणात नियम केला होता. नियम तर्काला धरून होता. समीक्षकांनी त्याची विशेष वाखाणणी केली होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो तळघरात उतरला. दुरुस्तीशाळेत स्पिरिटचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. चौकटीतून काढलेलं चित्र ठोकळ्यांवर, जवळजवळ जमिनीला टेकून उभं होतं, त्यामुळे पायऱ्या खरोखरच खोलीत उतरल्यासारख्या वाटत होत्या. अर्ध्या भागावरचं पिवळं पडलेलं वॉर्निश डॉक्टरने काढलं होतं. उरलेला अर्धा भाग चहात बुडवल्यासारखा. त्याने वर बघितलं आणि त्याचा पाय जागीच थबकला.

"हिचे डोळे उघडे आहेत," तो म्हणाला.

"मग? झोपून राज्य करते की काय?"

"मिटलेले होते."

"वॉर्निश होतं ते. परवा काढलं. तुम्ही काय लिहिलं होतं?"

"मिटलेले डोळे: देवत्वाची अलिप्तता."

डोळे मोठे नव्हते. पापण्या खाली ओढलेल्या होत्या, आणि त्या पापण्यांखाली, अगदी कडेला, तांदळाच्या कणीएवढा उजेडाचा ठिपका होता. तो ठिपका वॉर्निशखाली शंभरेक वर्षं दबून होता आणि आता नुकताच बाहेर आल्यासारखा ओला दिसत होता. ती खाली बघत होती. शून्यात नव्हे, विचारात नव्हे. एखादी वस्तू खाली पडावी आणि तिच्याकडे बघावं तसं, नेमकं.

"कुठं बघतेय?" त्याने विचारलं.

"हे बरं विचारलंत. थांबा." तिने खणातून दोऱ्याचं रीळ काढलं. चित्रातले अंतराचे नियम तपासायला, खांब कुठं मिळतात, पायऱ्या कुठल्या बिंदूकडे जातात हे बघायला ती नेहमी दोरा ताणून बघायची. ती छोट्या शिडीवर चढली आणि एक टोक त्या डोळ्याजवळ, रंगाला न लागेल असं, धरलं. "तुम्ही खालचं धरा. बुबुळ ज्या बाजूला झुकलंय त्या रोखाने. आणखी खाली. सर, दोरा वाकतोय तुमचा. उभ्याने नाही जमायचं."

त्याने खिशातून रुमाल काढला, जमिनीवर पसरला आणि गुडघे टेकले. गुडघ्यांचा आवाज खोलीभर झाला. "काही मोडलं का?" शिडीवरून प्रश्न आला. "नाही, वाकलं," तो म्हणाला. दोरा ताठ झाला. खालचं टोक पायऱ्यांवर कुठंतरी पडेल अशी त्याची कल्पना होती, कारण मूळ चित्रात तिथं पायऱ्याच तर होत्या. ते पडलं पायरीवरच्या माणसाच्या डोक्यावर, मधोमध, केस विरळ झाले होते तिथं.

"कुणी नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मूळ चित्रात इथं कुणी नव्हतं."

"नव्हतं."

"आणि ती इथंच बघत होती."

"हो. मूळ डोळे आहेत ते. त्यांना नंतर कुणी हात लावलेला नाही."

"रिकाम्या पायरीकडे कशाला बघेल कुणी?"

"ते तुम्ही सांगायचं. भावार्थ तुम्ही."

त्याने मनात चाळून पाहिलं: शोक, प्रतीक्षा, राज्याची पोकळी, गेलेला कुणीतरी. प्रत्येक शब्द पाटीवर छान दिसला असता आणि एकही त्या ठिपक्याला लागू होत नव्हता. चित्रकाराने तिला बघायला लावलं होतं आणि बघायला काही दिलं नव्हतं, एवढंच खरं होतं. ती कित्येक वर्षं त्या मोकळ्या दगडाकडे बघत राहिली. लोक आले, बघून गेले. मग कधीतरी काहीतरी कोसळलं, कापड फाटलं, आणि कुठल्याशा खोलीत कुणीतरी रंगांची पेटी घेऊन चित्राच्या पायाशी बसला.

"अजून एक सांगू?" डॉक्टर शिडीवरून उतरत म्हणाली. तिचा आवाज सकाळच्यापेक्षा उतरला होता. तिलाही काहीतरी आताच दिसत असावं. "फाट इथं आहे, डावीकडे. नुसती झाकायची असती तर माणूस तिथंच डावीकडे, फाटीपुरता बसवला असता, निम्म्या रंगात काम झालं असतं. सकाळपासून मला हे खटकत होतं. हा गडी तिरका, पुढे एवढा ओणवा कशाला बसवला? पाठ फाटीवर हवीच होती. पण डोकं तिच्या नजरेखाली नेलंय त्याने. दोन्ही साधायचं म्हणून एवढं वाकवलंय."

भावार्थ वर बघत होता. दोरा अजून त्याच्या चिमटीत होता, आणि त्याचं डोकं त्या रंगवलेल्या डोक्याच्या इतकं जवळ होतं, की ती स्त्री आता दोघांकडेही बघत होती. इतक्या खालून त्याने आयुष्यात कुणाकडे बघितलं नव्हतं. वरून येणारी नजर ओझ्यासारखी असते, असं तो धरून चालला होता. ही तशी नव्हती. ती उन्हासारखी अंगावर पडत होती. काही मागत नव्हती, काही क्षमा वगैरे करत नव्हती, तू इथं आहेस एवढंच बघत होती. त्याच्या मानेतून, त्या जुन्या दुखऱ्या मानेतून, काहीतरी सुटत गेलं. आणि त्याला आपल्या पहिल्या नोकरीची पँट आठवली. याच संग्रहालयातली मुलाखत, उसनी आणलेली पँट, लांबीला जास्त. वडिलांनी त्याला ठोकळ्यावर उभं केलं आणि ते खाली बसले. तो खाली बघायला लागला तसे ते टाचण्यांआडून गुरगुरले, मग टाचण्या तळहातावर काढून स्पष्ट म्हणाले, "खाली बघू नकोस. खाली बघितलंस की कंबर हलते, लांबी बदलते. सरळ समोर बघ." सगळ्यांना ते हेच सांगत. वकील, मास्तर, नवरदेव, सगळे त्या ठोकळ्यावर उभे राहून समोरच्या रिळांकडे बघत राहत. तोही रिळांकडे बघत राहिला. लाल, निळं, करडं, आणि एक पिस्त्याच्या रंगाचं, जे कधीच संपलं नाही. खाली घोट्याशी हात फिरत होते, कापड ओढलं जात होतं, पायाला टाचणी लागू नये म्हणून मध्ये एक बोट धरलेलं होतं, हे त्याला नुसतं जाणवत होतं. एक माणूस आयुष्यभर इतक्यांच्या पायांशी बसला, आणि त्याच्याच हुकुमावरून एकानेही त्याला तिथं बसलेलं पाहिलं नाही. त्याच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, हे मुलाला शेवटच्या आजारपणात उशीवर दिसलं.

आणि हा दुसरा. पुसलेल्या सहीचा, किंवा सही करायचं मनातही न आलेला ठिगळवाला. त्याने एक बघणारी नजर रिकामी पडलेली पाहिली आणि तिच्याखाली एक माणूस नेऊन बसवला, भेगाळल्या टाचांचा, चालून आलेला. फाट निमित्त. भावार्थला त्या क्षणी भीती वाटली, पण पळून जावं अशी नव्हे. खूप उंच छताच्या इमारतीत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी.

"आणि ते बोट?" त्याने विचारलं. आपला आवाज आपलाच वाटत नव्हता. "हात काठाला लागत नाही, ते?"

डॉक्टरने आडवा दिवा लावला. कडेने उजेड पडला की रंगाचे थर डोंगरासारखे उभे राहतात. तिने बोट न टेकवता दाखवलं. ठिगळवाल्याचा रंग पायऱ्यांवर मुक्तपणे पसरला होता; दगडावर त्याने हक्काने काम केलं होतं. पण जिथं त्या स्त्रीचा झगा सुरू होत होता, तिथं तो थर एका रेषेत थांबला होता. काठावर एक ठिपकासुद्धा नाही.

"दगडावर गेलाय. तिच्यावर गेला नाही," ती म्हणाली. "मी ही कामं रोज बघते, सर. जुने दुरुस्तीवाले दांडगे असायचे. झग्याचा काठ स्वतः पुन्हा रंगवायचे, वर आपली नक्षी घालायचे. हात काठावर ठेवायचा तर याला मूळ रंगावर रंग लावावा लागला असता. त्याने तो लावला नाही. दुसऱ्याचं चांगलं काम होतं ते."

म्हणजे चार पानं बरोबर होती. फक्त ज्या माणसाबद्दल होती तो चित्रात नव्हता. हात आवरला होता तो राणीपुढे नव्हे, देवीपुढे नव्हे. एका मेलेल्या अनोळखी कारागिराच्या कामापुढे, कुणी बघत नसताना, गुडघ्यांवर बसून. कामासाठी टेकलेला गुडघा. पहिल्या प्रकरणातला नियम त्याला शब्दशः पाठ होता. तो आता कुठल्याही दृष्टीने उभा राहत नव्हता, आणि त्याच्यामागून बाकीची प्रकरणं एकेक करून बसत चालली होती, तरी त्याला काही वाईट वाटत नव्हतं.

दार उघडलं आणि साहेब आत आले. साहेब मोठ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांना सगळंच पसंत असायचं. जमिनीवर बसलेला भावार्थ बघून ते दारातच थांबले.

"काही पडलं का?"

"नाही, साहेब."

"मग काय ठरलं? काढायचा?"

"राहू द्या त्याला."

"मला बरंच आहे. कपांवर तोच आहे, तिकिटावर तोच आहे. नुसत्या पायऱ्या कोण विकत घेणार?" साहेबांनी डॉक्टरकडे बघितलं. "तुमचं काय? तुम्ही तर काढायचं म्हणून हट्ट धरला होता."

"मी सकाळी बोलले ते सकाळी," डॉक्टर म्हणाली. "पण नंतर घातलाय हे लपवायचं नाही. पाटीवर स्वच्छ लिहायचं. ते सरांना चालणार असेल तर माझी ना नाही."

साहेबांना अडचण लगेच कळली. अडचणींत ते हुशार होते. "मग तुमचं पुस्तक?"

"चुकलंय."

"कुठं?"

"पहिल्या प्रकरणापासून. छपाई चांगली आहे."

"नवी आवृत्ती यायचीय ना हो त्याची?"

"येणार नाही. मी कळवतो प्रकाशकांना."

साहेबांना विनोद आहे की काय कळेना, म्हणून ते अर्धं हसले आणि अर्धं गंभीर राहिले. "आणि पाटीवर काय लिहिणार? भावार्थ काय?"

"कापड फाटलं होतं, कुणीतरी दुरुस्त केलं. कुणी ते माहीत नाही."

"एवढंच? लोक विचारतील, याचा अर्थ काय."

"बघतील, साहेब. आता तिचे डोळेही उघडे आहेत."

साहेबांनी वर तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मग बाहेर पडून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. एरवी ते दार आपटायचे.

भावार्थ उठायला लागला, तर डॉक्टरने हाताने थांबवलं. ठेवायचाच असेल तर त्याच्या गुडघ्याजवळचा रंग सुटत चाललाय, ती म्हणाली, पापुद्रे उठलेत, आजच चिकटवलेले बरे. तुम्ही खाली आहातच, तर दिवा धरा. त्याने आडवा दिवा दोन्ही हातांत घेतला. ती शेजारी पालथी पडल्यासारखी ओणवली, डोळ्यांवर भिंग चढवलं, बारीक कुंचल्याने पापुद्र्याखाली सरसाचा थेंब सोडला आणि पातळ उलथण्याने, मऊ कागदावरून, तो दाबत आणला. "हलवू नका," ती म्हणाली. त्याने हलवला नाही. दंड भरून आले, रुमाल गुडघ्याखालून सरकून फरशी टोचायला लागली, मुंग्या मांडीपर्यंत चढल्या. उजेडाच्या छोट्या गोलात तो पापुद्रा, नखाएवढा, एका अनोळखी हाताने कधीतरी लावलेला, हळूहळू खाली आला आणि कापडावर टेकला. डॉक्टरने उलथणं उचललं.

"आता श्वास घेतलात तरी चालेल," ती म्हणाली.

"अजून एक उठलाय," तो म्हणाला, आणि दिवा थोडा खाली घेतला.